बाबा, ऑइल टाकलंय

माझ्या सासूबाई चहाचा कप कुणाच्या हातात देण्याआधी एकदा हुंगून पाहतात. ही सवय त्यांना सासऱ्यांमुळे लागली. सासरे, म्हणजे बाबा, जन्मभर आपली एकुलती एक डिझेल गाडी भाड्याने चालवत आले आणि जन्मभर ती घरच्या अंगणातच दुरुस्त करत आले. त्यामुळे कुठलं पातेलं दुधाचं आणि कुठलं इंजिनाची नोझलं बुडवून ठेवायचं, याचा आमच्या घरात कधीच भरवसा नव्हता. लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात मी पिठाची चाळणी शोधत होते. ती अंगणात सापडली. टाकीतला गाळ गाळून बाबांनी ती उन्हात वाळत घातली होती. मी आईंकडे, म्हणजे सासूबाईंकडे, पाहिलं. "नवी आणू," त्या शांतपणे म्हणाल्या, "ही आता गाडीची झाली."

घरातल्या बऱ्याच वस्तू अशा गाडीच्या होत गेल्या. टॉवेल, दाताचा ब्रश, माझ्या माहेरहून आलेली परात. गाडीची मात्र एकही वस्तू तोवर कधी घराची झाली नव्हती.

बाबा तसे नाकावर माशी बसू न देणारे. कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री एकदा नुसतं बॉनेट उघडून बघू लागला, तर बाबांनी त्याला हाताला धरून फाटकाबाहेर नेऊन सोडलं होतं. इतरांच्या गाड्या डोळ्यांनी बघून दुरुस्त होतात, बाबांची कानांनी व्हायची. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. त्या वेळी घरात कुणी मोठ्याने बोललेलं चालत नसे. मग डोळे उघडून म्हणायचे, "तिसरं नोझल कुरकुरतंय." आणि कुरकुरत असायचं तिसरंच. या गाडीतून त्यांनी नवऱ्यामुलींना सासरी पोहोचवलं, बाळंतिणींना घरी आणलं, डोळ्याला पट्टी बांधलेल्या म्हाताऱ्यांना हात धरून उतरवलं. शहरातली एकही गल्ली त्यांना विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं की ते तीन रस्ते सांगायचे आणि त्यातला बरा कुठला यावर अर्धा तास बोलायचे.

बाबांचं आणखी एक काम होतं आणि ते गाडीपेक्षा अवघड होतं. त्यांची दोन मुलं, म्हणजे वरच्या मजल्यावर राहणारे माझे दीर आणि खालच्या मजल्यावरचे आमचे हे, एकमेकांशी बोलत नसत. भांडण कशावरून झालं, ते दोघांनाही आता नीट सांगता येणार नाही. मी आले तेव्हाच ते शिळं झालेलं होतं. कडवट असं काही नव्हतं, फक्त बोलायची मोडलेली सवय पुन्हा लागली नाही. पण एका छपराखाली राहायचं तर पाण्याची टाकी कोण धुणार, वायरमनला कोण बोलावणार, हे ठरावंच लागतं. मग भाऊजी खाली येऊन बाबांना सांगायचे, "बाबा, टाकी मी धुतलीय." संध्याकाळी हे आले की बाबा सांगायचे, "टाकी धुतलीय त्याने." मग हे बाबांनाच म्हणायचे, "बरं झालं." दोन शहाणीसुरती माणसं आणि मधे एक पोस्टमन. मी हसायचे. हसण्यासारखंच होतं ते.

एके दिवशी बाबा गाडीचं इंजिन उघडून बसले होते. हेड उतरवून ठेवलेलं, नोझल पातेल्यात, बोल्ट आईंच्या मसाल्याच्या डब्यात क्रमाने मांडलेले. मी कपडे वाळत घालत होते. पाना पडल्याचा आवाज आला. पाना बाबांच्या हातून कधी पडत नसे, म्हणून वळून पाहिलं, तर ते मडगार्डला धरून हळूहळू खाली बसत होते, जणू गाडीखाली बघायचं आहे.

दवाखान्यातून घरी आले ते उजवी बाजू गमावून आणि बोलणं गमावून. डोळे तेच, कान तेच. आपण बोललेलं सगळं कळायचं. तोंडातून मात्र नुसती हवा यायची. डॉक्टर म्हणाले, बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्या केंद्रात न्या. हात-पायही तिथेच हलवून घेतात. पण सुरुवातीचे महिनेच काय ते कामाचे. आता जेवढं परत येईल तेवढं येईल, पुढे कठीण आहे.

घोडं अडलं ते केंद्रात जाण्यावर. बाबा दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसेनात. भाड्याची गाडी दारात आणली की धडधाकट डाव्या हाताने दाराची चौकट अशी धरायचे की दोघा-तिघांना ती बोटं सोडवता येत नसत. जन्मात ते कधी मागच्या सीटवर बसलेले नव्हते. एकदा जबरदस्तीने बसवलं तर सगळा रस्ता अंग टाकून हुंदके देत राहिले आणि केंद्रातल्या बाईंनी हात जोडून सांगितलं, असं आणू नका, या स्थितीत काही शिकवता येत नाही. घरी येऊन शिकवा म्हटलं, तर त्यांना ते जमण्यासारखं नव्हतं.

बाबांना हवं होतं काय, ते मात्र सांगायला शब्द लागत नव्हते. अंगणात खुर्ची ठेवली की ते उघड्या गाडीकडे बघायचे आणि डाव्या हाताने हवेत किल्ली फिरवायचे.

"स्वतःच्या गाडीतून जायचंय त्यांना," आई म्हणाल्या. आई त्यांच्या दुभाषी झाल्या होत्या. हात आपटला की बाथरूम, मान वर केली की चहा, शाल ओढली की गारठा. "आख्खा जन्म गेला यांच्याबरोबर," त्या म्हणायच्या, "मला नाही कळणार तर कुणाला?" आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबरच असायचं. मी विचारायला गेले की मला बाजूला सारून त्या पुढे व्हायच्या. मला थोडा राग यायचा, पण आईंचं ते शेवटचं राज्य होतं, मी कशाला त्यात पाय घालू?

तर आता गाडी चालू झाली पाहिजे होती. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला विचारलं, तर तो मागचं विसरला नव्हता. "दुसऱ्याने उघडलेलं इंजिन मी जोडत नाही," म्हणाला. मग दोन्ही मुलं कामाला लागली. अर्थात वेगवेगळी.

भाऊजी कोल्ड स्टोरेजमध्ये रात्रपाळी करायचे. सकाळी आले की अंगावर स्वेटर तसाच ठेवून गाडीवर काम करायचे आणि दुपारी वर जाऊन झोपायचे. आमचे हे लिफ्टच्या कंपनीत. लिफ्ट दुरुस्त करता येते म्हणजे गाडीही येईल, असा त्यांचा हिशोब. वर-खाली जाते आणि मागे-पुढे जाते, एवढाच काय तो फरक! ते दुपारनंतर लागायचे. एका गाडीला दोन पाळ्या. पान्यांचे दोन संच आले, गॅस्केट दोन आली, डिझेल फिल्टर दोन आले. भाऊजी व्यवस्थित माणूस. काम झालं की आपलं सामान, रिकामे डबे, चिंध्यासुद्धा उचलून जिन्याखालच्या कपाटात कुलपात ठेवायचे. आमच्या ह्यांचं सगळं अंगणभर. ऑइलने माखलेल्या तळव्यांचे ठसे थेट पलंगापर्यंत यायचे. मी फरशी पुसून पुसून हात टेकले. जेवणालाही डिझेलचा वास यायला लागला. पोळी मोडली की आधी तिचा वास घ्यायचा, अशी पाळी आली.

पण मी बोलले नाही, कारण बाबा. ते वेताच्या खुर्चीत मांडीवर शाल घेऊन दिवसभर अंगणात बसायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर जान आलेली होती. शिवाय जुनी पद्धत चालूच होती. सकाळी काम संपवून भाऊजी खुर्चीपाशी यायचे, "बाबा, हेड बसवलंय. बोल्ट सगळे आवळलेत." संध्याकाळी हे म्हणायचे, "बाबा, पाइप जोडले हं." दोघांनाही ठाऊक होतं की बाबा आता पुढे सांगू शकत नाहीत. पण सवय. हेड बसलंय की नाही, ते डोळ्यांना दिसतंच, त्यामुळे काम अडायचं नाही. बाबा दोघांचंही ऐकायचे, मान हलवायचे, आणि निरोप त्यांच्यातच राहायचा.

एका संध्याकाळी ह्यांनी इंजिनमधलं जुनं काळं ऑइल खालच्या घमेल्यात सोडलं आणि बोल्ट परत लावून टाकला. "बाबा, जुनं ऑइल काढलंय. उद्या नवं टाकतो आणि मारतो स्टार्टर."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी घमेलं पाहिलं. इंजिन रिकामं झालेलं दिसतच होतं. आपल्या कपाटातून त्यांनी ऑइलचा कॅन आणला, सगळा ओतला, झाकण लावलं, फडक्याने पुसलं, रिकामा कॅन आणि घमेलं दोन्ही उचलून नेलं. खुर्चीपाशी येऊन म्हणाले, "बाबा, ऑइल टाकलंय." आणि वर झोपायला गेले. मी तेव्हा आत होते. हे सगळं मला नंतर कळलं.

दुपारी हे लवकर आले. सुट्टी काढून आले होते. नवा कॅन त्यांच्या हातात, चेहऱ्यावर नवरदेवाचा आनंद. "आज बाबांना फाटकाबाहेर चक्कर मारून आणतो," म्हणाले. ऑइल मोजायची पट्टी शोधली, ती सापडेना. सापडणार कशी? बाबा आजारी पडल्यावर तुंबलेली मोरी काढायला आईंनी ती घेतली होती आणि वाकडी झाल्यावर फेकून दिली होती. गाडीची असून घराची झालेली ती पहिली वस्तू. "जाऊ दे," हे म्हणाले, "काल मीच रिकामं केलंय, मोजायचं काय त्यात?" आणि कॅनचं झाकण फिरवलं.

बाबांनी खुर्चीच्या हातावर हात आपटला.

"चला," आई म्हणाल्या, "बाथरूम." बाबांनी मान जोरात हलवली. पुन्हा हात आपटला, पुन्हा, आणखी जोरात. घशातून हवेचा खरखर आवाज काढला. "घाई लागलीय त्यांना, धर गं तिकडून." मी एका बाजूने धरलं, आईंनी दुसऱ्या. बाबा मागे वळून वळून अंगणाकडे बघत होते. बाथरूममध्ये त्यांनी काहीच केलं नाही, नुसते भिंतीला धरून उभे राहिले. परत आणून बसवलं तेव्हा कॅन रिकामा होऊन आडवा पडलेला होता आणि बाबांचा हात थांबला होता.

ह्यांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं, परत खोकलं आणि लागलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आईंनी टाळी वाजवली. मी बाबांकडे पाहिलं, तर ते हसत नव्हते. मान एका बाजूला कलती करून ते ऐकत होते.

मग तो आवाज वाढायला लागला. ह्यांनी पायही लावला नव्हता, तरी वाढत गेला. हे आधी हसले, मग त्यांनी किल्ली बंद केली. इंजिन बंद झालं नाही. स्टॉपची वायर ओढली, काही नाही. डिझेलचा पाइप उपटला, बॅटरीची तार काढली, तरी ते ओरडतच सुटलं. माणसाने एवढ्या जोरात ओरडायचं म्हटलं तर छाती फुटेल. मागून निळा-पांढरा धूर असा लोटला की फाटक दिसेना. स्वयंपाकघरातली भांडी फळीवरून एकेक करून खाली उड्या मारायला लागली. शेजारी धावत आले आणि फाटकाबाहेर आ वासून उभे राहिले. कुणाला काय करावं सुचेना. हे दोन्ही हात डोक्याला लावून गाडीभोवती फेऱ्या मारत होते. किल्ली माझ्या हातात कशी आली होती कुणास ठाऊक, मी ती घट्ट धरून उभी होते, जणू तिचा काही उपयोग होता.

वरून भाऊजी बनियनवरच धावत आले. "बंद कर!"

"होत नाहीये!"

"ऑइल किती टाकलंस?"

"सगळा कॅन!"

"अरे, मी सकाळी टाकलं होतं!"

"मग सांगितलं का नाहीस?"

"बाबांना सांगितलं होतं ना!"

इतक्या वर्षांनी ते दोघे समोरासमोर बोलले ते असे, एकमेकांच्या कानात ओरडून. आणि दोघांनी एकदमच बाबांकडे पाहिलं.

बाबा खुर्चीतून पुढे झुकले होते. मांडीवरची शाल त्यांनी डाव्या हातात गोळा करून धरली होती आणि तो हात सगळा लांब करून गाडीकडे धरला होता. आई धावल्या. "घाबरलेत हो ते! थंडी भरलीय!" त्यांनी ती शाल काढून घेतली, झटकली, बाबांच्या खांद्यांवर घातली. बाबांनी ती ओढून काढली, पुन्हा पुढे केली. गाडीकडे. आईंनी पुन्हा घातली, या वेळी घट्ट, दोन्ही टोकं पाठीमागे नेऊन खोचली आणि वरून त्यांना मिठी मारून धरलं. "काही होणार नाही, मी आहे ना, मी आहे," त्या त्यांच्या कानात सांगत राहिल्या. बाबांची धडपड मी पाहत होते. मलाही ती भीतीच वाटली.

मग आतून लोखंड फुटल्यासारखा एक आवाज झाला आणि सगळं शांत झालं. धूर बराच वेळ तसाच राहिला. बाबांनी मान खाली घातली होती.

दुसऱ्या दिवशी हे आणि भाऊजी दोघे मिळून कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेले आणि त्याच्या हातापाया पडून त्याला घेऊन आले. फाटकात तो जरा अडखळला. बाबांकडे बघून त्याने कपाळाला हात लावून नमस्कार केला. मग बॉनेटखाली वाकला, एक बोट घालून पाहिलं, इंजिन हाताने फिरवायचा प्रयत्न केला. ते हललं नाही. "गेलं," तो म्हणाला. "जास्तीचं ऑइल हवेच्या वाटेने आत शिरलं. मग त्याला डिझेल लागतच नाही, स्वतःचं ऑइल पीत सुटतं. किल्ली ओढा, वायर ओढा, ऐकत नाही."

"मग काय करायला हवं होतं?" ह्यांनी विचारलं.

"काही अवघड नाही हो. हवा तोडायची." त्याने बोट दाखवलं. एअर फिल्टरचा डबा अजून बसवायचा होता, त्यामुळे हवेच्या पाइपचं तोंड उघडंच होतं, बाबांच्या खुर्चीच्या अगदी समोर. "इथे एखादं जाड कापड कोंबायचं. गोधडी, शाल, हाताला लागेल ते. गुदमरून जागच्या जागी बंद पडतं. जुन्या ड्रायव्हरांना माहीत असतं."

आई त्याच्यासाठी चहा घेऊन आल्या होत्या. ट्रे हातात तसाच धरून त्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी तो ट्रे गाडीच्या छपरावर ठेवला. खाण्यापिण्याची वस्तू त्यांनी त्या गाडीवर आयुष्यात कधी ठेवली नव्हती. आणि त्या आत गेल्या. मी मागे जाऊन पाहिलं, त्या पलंगाच्या कडेला बसून आपले दोन्ही तळवे बघत होत्या. मला जवळ जाववलं नाही. काय सांगणार होते मी? की आम्हाला कुणालाच कळलं नाही? ते त्यांना माहीतच होतं. त्यांचं दुःख वेगळं होतं.

संध्याकाळी बाबांनी मान वर केली. ही चहाची खूण, घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आई त्यांच्यासमोर स्टुलावर बसलेल्या होत्या. उठल्या नाहीत. "अहो, काय हवंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं. आजारपणात त्यांनी हा प्रश्न बाबांना पहिल्यांदाच विचारला. आणि उत्तराची वाट बघत बसल्या. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. "मला नाही हो कळत," आई म्हणाल्या आणि रडायला लागल्या. शेवटी चहा मी केला. तो चहाच हवा होता की दुसरं काही, ते मलाही सांगता येणार नाही.

गाडी भंगारवाल्याने ओढून नेली. दोघे भाऊ आता एकमेकांशी बोलतात. चांगलं बोलतात. पाण्याची टाकी, वायरमन, औषधं, सगळं जिन्यातच ठरतं. खुर्चीपाशी येऊन "बाबा, हे केलंय" असं सांगायला आता कुणी येत नाही. तशी गरजच राहिलेली नाही.

काल पुन्हा भाड्याची गाडी आणली. दार उघडलं तेव्हा आम्ही सगळे तयारीत होतो, भाऊजींनी तर बाह्यासुद्धा सरसावल्या होत्या. बाबांनी चौकट धरली नाही. मागच्या सीटवर बसवलं तसे बसले. मी एका बाजूला, आई दुसऱ्या. हे पुढे ड्रायव्हरशेजारी, आणि भाऊजी मोटारसायकलवर मागून. केंद्रातल्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं, उशीर झालाय, पण आणा, बघू.

चौकाच्या अलीकडे गर्दी लागली. ड्रायव्हर नवीन होता. "सरळच जाऊ ना?" त्याने विचारलं. हे म्हणाले, "सरळच."

बाबांचा डावा हात उठला. बोटं डावीकडच्या एका अरुंद गल्लीकडे झाली. आईंचा हात सवयीने शालीकडे गेला, बाबांचा हात आत घ्यायला, पांघरायला. मधेच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. विचारायचं कुणाला? गाडी हळूहळू पुढे सरकत होती. बाबांचा हात तसाच हवेत होता आणि आम्ही दोघी त्याच्याकडे नुसत्या बघत होतो. गल्ली मागे गेली, तेव्हा तो आपोआप खाली आला.